थोरलीचे चाळीस, धाकटीचे पंचवीस

माझ्या जावेपेक्षा मी सहा वर्षांनी मोठी आहे आणि तरी घरात धाकटी मीच. तिचा नवरा थोरला, माझा धाकटा. सुनांची वयं कोण विचारतंय? मी लग्न होऊन आले तेव्हा ती सव्वीस वर्षांची, डोळ्यांची नवीकोरी डॉक्टर, आणि मी बत्तीसची, प्रयोगशाळेत रक्ताच्या नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवणारी. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं, "हिला वहिनी म्हणायचं." म्हटलं. एकवीस वर्षं म्हणतेय. ती मला 'अगं' म्हणते, मी तिला 'अहो'. सांगायला हसू येतं, पण आतून खुपतंच.

हे आधीच सांगून टाकते, कारण त्या दिवशी मी जे केलं ते मुळात याच खुपण्यातून केलं. वेड घेऊन पेडगावला जायची मला सवय नाही.

दोन वर्षांपूर्वी माझ्या नवऱ्याची उजवी बाजू गेली. नोकरी सोडून मी घरी बसले. त्याला उठवायला, आंघोळ घालायला, व्यायाम करवून घ्यायला एक जण येतो, त्याला आम्ही सगळे ब्रदर म्हणतो. आडदांड माणूस, हात मात्र इतका हलका की नवरा त्याच्याशिवाय कुणाला अंगाला हात लावू देत नाही. पगार महिना सतरा हजार. ब्रदर आल्यापासून नवरा भिंतीला धरून चार पावलं टाकायला लागला होता. आणि आमची शिल्लक या महिन्याच्या पगाराबरोबर संपत होती. ब्रदरला दुसऱ्या घरचं बोलावणं होतं. त्यानं दोन दिवस आधीच सांगितलं होतं, "ताई, गुरुवारी संध्याकाळपर्यंत मला हो की नाही कळवायचंय. तुमचं जमत असेल तर मी कुठं जात नाही." हा सगळा प्रकार त्या गुरुवारचा.

पैसे येणार होते ते नानांकडून. नाना म्हणजे माझे सासरे. वय एक्क्याऐंशी, कान अधू, डोकं शाबूत. ते आमच्याकडेच राहतात. म्हणजे त्यांचं पथ्यपाणीही माझ्याच गळ्यात. त्यांनी आपला छापखाना विकला, बावन्न लाख आले. मुलांच्या नावे करायचे नाहीत, सुनांच्या नावे करायचे, असं त्यांनी ठरवलं. एका मुलाला सही करता येत नाही आणि दुसऱ्याच्या हातात पैसा आला की पैशाला पाय फुटतात. दोघींना सव्वीस-सव्वीस लाखांचे सरकारी रोखे. महिनाभर ते कागद पुढ्यात घेऊन बसले होते. मी विचारलं की म्हणायचे, "तुझी सोय होईल अशी बेतानं मांडणी चाललीय, घाई करू नकोस."

बुधवारी दुपारी त्यांचं टेबल पुसताना पॅडखाली एक चिटोरं सापडलं. त्यावर नानांच्या टपोऱ्या अक्षरात एवढंच होतं: थोरली – ४०. धाकटी – २५.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सारखे म्हणाले होते ना? मग तिला चाळीस आणि मला पंचवीस? त्यांच्या गोळ्या मी मोजून देते, वरची कवळी मी धुते, आणि चाळीस लाख त्या बंगल्यातलीला! फडकं तसंच हातात धरून मी किती वेळ उभी होते कोण जाणे. विचारायला हवं होतं. विचारलं नाही. विचारलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं, पण मी ठरवलं की आपण हावरट दिसायचं नाही, गप्प बसून जळायचं.

गुरुवारी सकाळी साडेनऊला नाना दातांच्या डॉक्टरकडे गेले आणि फोन घरीच विसरले. तो वाजला. मी उचलला. रोखे विकणाऱ्याच्या ऑफिसातला कारकून होता. त्याला तिथं सगळे टाचणी म्हणतात. कागदाला कागद टाचल्याशिवाय त्याला चैन पडत नाही.

"नाना नाहीत का? बरं, तुम्हीही सांगू शकाल. फॉर्मवर दोघी सुनांची नावं आहेत, पण खाली नानांनी नुसतं लिहिलंय, थोरलीला हे रोखे, धाकटीला ते. थोरली कोण, तेवढं कळलं तर भरून टाकतो."

एक क्षण होता. खरंच, एक पुरता क्षण होता मला.

"जन्मतारखा आहेत ना तुमच्याकडे?" मी म्हटलं.

"आहेत की."

"मग बघा."

कागद उलटल्याचा आवाज आला. "म्हणजे थोरल्या तुम्हीच."

"हो. मीच."

फोन ठेवला तेव्हा मला खोटं बोलल्यासारखं वाटेना. सहा वर्षांनी मोठी नाही का मी? कागदावर तरी एकदा थोरली झाले. मी ब्रदरला चहा दिला आणि त्यात दोन चमचे साखर जास्त घातली.

सव्वाअकराला माझ्या फोनवर संदेश आला. माझं नाव, त्याखाली: दर्शनी किंमत चाळीस लाख. मी चाळीस हा आकडा दोनदा वाचला. मग खालची ओळ वाचली. व्याज अर्धा टक्का, सहामाही रक्कम दहा हजार.

दहा हजार. सहा महिन्यांना. ब्रदरचा पगार सहा महिन्यांचा एक लाख दोन हजार होतो.

आतल्या खोलीतून ब्रदरचा आवाज येत होता, "हां, टाच टेकवा आधी, घाई नाही." मी स्वयंपाकघराचं दार लोटून टाचणीला फोन लावला.

"हे दहा हजार काय आहे?"

"कमी व्याजाचे रोखे आहेत ना, बाई. नानांनी तसंच लिहिलंय. थोरलीला कमी व्याजाचे, धाकटीला जास्त व्याजाचे."

"जास्त व्याजाच्यांना किती मिळतात?"

"सहामाही एक लाख तीन हजार एकशे पंचवीस, पहिला हप्ता पुढच्याच महिन्यात."

मी खाली बसले, फरशीवर. नानांनी माझ्यासाठी ब्रदरचा पगार काढून ठेवला होता, वर हजार-अकराशे सुट्टे. आणि मी तो आपल्या तोंडानं जावेच्या ताटात वाढला होता. उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय.

"बदला," मी म्हटलं. "चूक झालीय. बदला ते."

टाचणी म्हणाला, "एक वाजता यादी नोंदणीला जाते. एकदा नोंद झाली की वर्षभर हात लावता येत नाही. त्याच्या आत दुरुस्तीचा फॉर्म आला, दोघींच्या सह्यांसकट, तर होईल. सही कागदावर लागते हं, फोटो चालत नाही." मग हळूच म्हणाला, "पण तुम्हीच तर म्हणालात, थोरल्या तुम्ही."

टॅक्सी मिळायला दहा मिनिटं गेली. ऑफिसात पोचले तेव्हा बारा वाजायला पाच कमी होते. रोखेवाला आपल्या काचेच्या खोलीत उभा होता, समोर टाचणी. टाचणीची दोन वर्षं राहिलीत निवृत्तीला. कानाला पेन्सिल, शर्टाच्या खिशाला टाचण्यांची रांग. रोखेवाला त्याला झापत होता. "तीस वर्षं झाली तुला! नुसतं नातं लिहिलंय म्हटल्यावर नानांनाच विचारायचं, की जन्मतारखा बघत बसायचं? उद्या हे गिऱ्हाईक ओरडलं तर लेखी ठपका तुझ्यावर येईल, आधीच सांगतो."

टाचणीनं माझ्याकडे पाहिलं. घड्याळाकडे बघण्याचं निमित्त होतं, मी घड्याळाकडे बघितलं.

रोखेवाल्यानं फॉर्म पुढे सरकवला. मी सही करताना विचारलं, कारण ते कळल्याशिवाय माझा जीव शांत होणार नव्हता, "मग तिला चाळीस आणि मला पंचवीस का?"

"अहो बाई, चाळीस आज कुठं मिळतायत? सात वर्षांनी!" त्यानं नानांची आकडेमोड फाइलमधून काढली, चांगली आठ पानं टाचलेली. "सरकार एकच, मुदत एकच. एका रोख्यावर व्याज सव्वाआठ टक्के, म्हणून शंभराचा कागद एकशेचारला मिळतो. दुसऱ्यावर व्याज नावापुरतं, म्हणून शंभराचा कागद पासष्टला मिळतो. सव्वीस लाखांत पहिले येतात पंचवीस लाखांचे, दुसरे चाळीस लाखांचे. आता पंचवीसमध्ये तुमचं सात वर्षांचं व्याज मिळवा. साडेएकोणचाळीसच्या घरात जातं. डावं-उजवं कुठाय त्यात?"

"मग दोघींना एकसारखेच का नाही घेतले?"

"कर!" तो टेबलावर बोट आपटून म्हणाला. "व्याजावर कर लागतो. या रोख्यांत पासष्टाचे शंभर झाले, त्या वाढीवर सूट आहे. डॉक्टरीणबाईंच्या व्याजातले शंभरातले चाळीस सरकार घेऊन जाईल, म्हणून त्यांना व्याज नकोच, वाढ हवी. तुमची कमाई करापर्यंत पोचतच नाही. तुम्हाला व्याज अख्खं मिळतं आणि तुम्हाला ते दर महिन्याला लागतं. कमी व्याजाचे रोखे तुमच्या काय कामाचे? नानांसारखं गिऱ्हाईक मी बघितलं नाही, साहेब लोकांना जमत नाही हे."

आठव्या पानाच्या तळाशी नानांनी लिहिलं होतं: ब्रदर, १७ × ६. त्याखाली दोन रेघा मारल्या होत्या. मी फॉर्म उचलला आणि निघाले.

डोळ्यांचं हॉस्पिटल तिथून तीन चौक. टॅक्सी करण्यात अर्थ नव्हता, मी पळतच गेले. त्रेपन्नाव्या वर्षी भर रस्त्यात साडीला पाय अडखळत धावणारी बाई बघून लोक बाजूला होत होते. बारा वाजून अठरा मिनिटांनी मी शस्त्रक्रियेच्या दारापाशी होते.

"मॅडम आत आहेत," दारावरची नर्स म्हणाली. "मोतीबिंदूचं चाललंय. मग आणखी एक आहे."

"दोन मिनिटं हवीत. सही फक्त."

"डोळा उघडा टाकून सहीला या म्हणू का त्यांना?"

मी तिला म्हटलं मी जाऊ आहे त्यांची. ती म्हणाली जाऊ असा की नणंद, आत सोडता येणार नाही. बाकावर डोळ्याला पट्टी बांधलेले दोन म्हातारे बसले होते. त्यातल्या एकानं मला, दिसत नसताना, बसायला जागा करून दिली. मी बसले नाही. भिंतीवरच्या घड्याळाचा मिनिटकाटा हलताना दिसतो हे मला त्या दिवशी कळलं.

बारा चोवीस. बारा एकतीस. घरून ब्रदरचा फोन आला, मी घाबरूनच उचलला. "ताई, आज सहा पावलं झाली. साहेब म्हणतायत तुम्हाला सांग." मी बरं म्हटलं.

बारा छत्तीसला दार उघडलं. वहिनी बाहेर आल्या, डोक्यावर हिरवी टोपी, मास्क गळ्यात ओढलेला. मला बघून त्यांचा चेहराच उतरला. "भावजींना काही झालं?"

"नाही, ते बरे आहेत. ही सही हवी होती. रोख्यांची अदलाबदल झालीय. एकच्या आत द्यायचंय."

त्यांनी फॉर्म घेतला. उभ्या उभ्या वाचला. वाचताना त्यांची भुवई तशी वर जाते, ते मला कधीच आवडलं नाही. "मला सकाळीच संदेश आला. एक लाख तीन हजार. मी हिशेब केला, त्यातले एक्केचाळीस करात जाणार. म्हटलं नाना असं कसं करतील? संध्याकाळी फोन करणार होते." मग माझ्याकडे बघितलं. "कुणाची चूक?"

"कारकुनाची," मी म्हटलं.

किती सहज निघालं तोंडातून.

"असल्या माणसाला ठेवतात कशाला? भावजींचं औषधपाणी त्याच्यावर अवलंबून, आणि हा असा. मी बोलते त्याच्या मालकाशी. आत्ताच बोलते." त्यांनी नर्सकडे हात पुढे केला. "माझा फोन दे गं."

बारा एकोणचाळीस. मी गप्प राहिले असते तर सही झाली असती, मी वेळेत पोचले असते आणि माझं काहीही बिघडलं नसतं. टाचणीचं बिघडलं असतं. त्याच्या खिशावरची ती टाचण्यांची रांग माझ्या डोळ्यांपुढून हलेना.

"त्याची चूक नाही," मी म्हटलं. "त्यानं मला विचारलं होतं, थोरली कोण. मी म्हटलं, मी. मला नानांच्या टेबलावर चाळीस आणि पंचवीस असे आकडे दिसले होते. मला ते चाळीस हवे होते, वहिनी."

नर्स फोन हातात धरून तशीच उभी राहिली. मला वाटलं आता ही ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं, मीही ओरडले असते, एकवीस वर्षांचं सगळं काढलं असतं.

वहिनींनी नर्सच्या खिशातलं पेन घेतलं, फॉर्म भिंतीला लावला आणि सही केली. तारीख घातली. वेळही घातली, डॉक्टरांच्या सवयीनं.

"ही सही भावजींसाठी केलीय," त्या म्हणाल्या. आवाज अगदी हळू. "नाना तुझ्याकडे राहतात, सगळं तू बघतेस. सात वर्षांनी ते नानांनी सांगितलेले चाळीस आले की त्यातले दहा तुला द्यायचे, असं मी यांच्याशी बोलून ठेवलं होतं. मागितले असतेस तर आजसुद्धा शब्द दिला असता." कागद माझ्या हातात दिला. "आता मागू नकोस."

मी काहीतरी बोलणार होते. त्यांनी मास्क वर ओढला. "पळ. पंधरा मिनिटं आहेत तुला."

मी पळाले. बारा त्रेपन्नला ऑफिसच्या पायऱ्या चढले. टाचणीनं फॉर्म घेतला, दोन्ही सह्या जुन्या सह्यांशी ताडून बघितल्या, एकेक अक्षर बोट ठेवून. मग त्यानं शिक्का मारला, यादीत आकडे बदलले, कळ दाबली. बारा अठ्ठावन्न. "गेली," तो म्हणाला.

रोखेवाला दारात आला होता. मी त्याला सगळं सांगितलं, टाचणीसमोर. जन्मतारखा बघायला मीच सांगितलं आणि विचारल्यावर हो म्हणून मोकळीही मीच झाले, हेही. रोखेवाला नुसता "हं" म्हणाला. टाचणीनं कॉपीला कॉपी टाचली आणि मला दिली. माफी मागितली तर म्हणाला, "घरातलं असतं ते, बाई. आम्ही काय, लिहिलेलं भरतो."

घरी आले तेव्हा नवरा जेवून खुर्चीत बसला होता, ब्रदर त्याच्या हाताची बोटं एकेक करून सरळ करत होता. मी चप्पल काढायच्या आधी म्हटलं, "ब्रदर, तिकडं नाही म्हणून कळवा. तुम्ही इथंच राहायचंय." ब्रदरनं मान हलवली आणि पुढचं बोट धरलं. नवऱ्याचं तोंड अर्धं हसलं. हसतं तेवढं अर्धंच, पण मला ते पुरतं.

मग मी नानांच्या खोलीत गेले. दाढ काढून आले होते, गालाला बर्फ लावून बसले होते. त्यांना मोठ्यानं सांगावं लागतं. म्हणजे मला माझं कर्म घरभर ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगावं लागलं. चिटोरं, फोन, जन्मतारखा, वहिनींनी केलेली सही, टाचणी. दहा लाखांचंही सांगितलं.

नाना बर्फाची पिशवी गालावर धरून ऐकत राहिले. रागावले नाहीत.

"नावं लिहिणार होतो मी," ते शेवटी म्हणाले. दाढेमुळे शब्द जड येत होते. "फॉर्मवर तशी जागाही होती. मग म्हटलं कशाला, टाचणीला अडलं तर तो घरी फोन करेल. घरात तू असतेस."

मी तिथंच त्यांच्या पायाशी बसले. बर्फ वितळून त्यांच्या बाहीवर ओघळत होता. तो पुसायला मला हात पुढे करवेना.